पितृपक्षातला फराळ

एका वर्षी आमच्या घरी दिवाळीचा फराळ पितृपक्षात झाला. भाजणीच्या चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, सगळं. फॅक्टरीच्या क्वार्टरांच्या त्या ओळीत तळणाचा वास लपवायची सोयच नव्हती; एका घरात फोडणी पडली की पाचव्या घरात शिंका यायच्या. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काहून गं, पितरांना यंदा चकल्या वाढून राहिली का तुझी आई?"

मी झाऱ्यातलं तेल निथळवत म्हटलं, "नाही काकू, जित्या माणसासाठी करून राहिलो आम्ही."

आईने मला कोपराने ढोसलं. काकू गेल्या त्या सर्वपित्री उलटेपर्यंत आमच्याकडे पाणी प्यायलासुद्धा आल्या नाहीत. मला त्याचं तेव्हाही काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

तो जिता माणूस म्हणजे माझा मोठा भाऊ. दादा जहाजावर नोकरीला होता. मालाच्या जहाजावर नव्हे आणि नौदलातही नव्हे. विलायतेतली हौशी माणसं सुटीत नुसती फिरायला निघत, ती ज्या मोठ्या जहाजांतून हिंडत, तसल्या एका जहाजावर तो केबिनी सांभाळायचा. अंथरुणं घालायची, न्हाणीघरं घासायची, रात्री दारांबाहेर ठेवलेले जोडे सकाळपर्यंत चकाकवायचे. हे त्यानेच कौतुकाने लिहून कळवलं होतं. एका मजल्यावर बावीस केबिनी त्याच्या ताब्यात होत्या आणि स्वतः तो पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नसलेल्या खोलीत पाच जणांबरोबर झोपायचा.

जहाजावरच्या माणसाला काही पाठवायचं म्हणजे आधी वेळापत्रक पाठ करावं लागतं. जहाज एका बंदरात एक दिवस थांबतं, फार तर दोन. दादा दर खेपेला बंदरांची आणि तारखांची यादी पाठवायचा, शिवाय प्रत्येक बंदरातल्या कंपनीच्या एजंटाचा पत्ता. पत्र तारखेच्या आधी पोचलं तर एजंट ते जहाजावर चढवणार, उशिरा पोचलं तर ते जहाजाच्या मागे बंदरामागून बंदर फिरणार. म्हणून आम्ही पत्रांना आकडे घालत होतो. सतरावं पत्र आधी आणि पंधरावं मागून आलं तरी गोष्ट जुळवता यायची. तो स्वतः लिहायचा ते बहुधा पाहुण्यांच्या जेवणाच्या छापील यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. पुढे सोनेरी अक्षरात सूप आणि बदकाचं काहीतरी, मागे 'आईला सांग, खोकला गेला.'

पार्सल समुद्रमार्गे जायला सहा आठवडे धरायचे, कधी आठ. दिवाळी ऑक्टोबरात असेल तर कढई सप्टेंबरात ठेवायला हवी. त्यात त्या वर्षी सप्टेंबर म्हणजे पितृपक्ष. आई दोन दिवस कुढत बसली होती. मी म्हटलं, पितरांना सगळं दिसत असेल तर एजंटाची तारीखही दिसत असेल.

ते पासष्ट साल होतं. पाकिस्तानशी लढाई जुंपली होती आणि जबलपूरच्या फॅक्टऱ्या श्वास न घेता चालल्या होत्या. भोंगा कधी वाजतो आणि कुठली पाळी सुटते ते कुणालाच कळेनासं झालं होतं. खिडक्यांच्या काचांना आम्ही खाकी कागद डकवले होते. मी शिकवत होते त्या प्राथमिक शाळेच्या मैदानात चर खणले होते, त्यात मुलं लपाछपी खेळायची. बाबा फॅक्टरीत एक्झामिनर होते. तयार झालेला प्रत्येक भाग मापात आहे की नाही बघायचं, असला तर पास करायचा, नसला तर परत पाठवायचा, कारीगर कितीही ओळखीचा असला तरी. घरातही त्यांचं तेच होतं. दादा त्यांच्या मापात बसला नव्हता.

त्याला त्यांनी शब्द टाकून फॅक्टरीत अप्रेंटिस म्हणून लावलं होतं. दोन वर्षं काढून एके दिवशी तो मुंबईला पळाला आणि तिथून जहाजावर चढला. "माझा मुलगा लोकांचे जोडे पुसतो," हे बाबा एकदाच म्हणाले. त्यानंतर कुणी विचारलं की म्हणायचे, मला एक मुलगी आहे. तीन वर्षं त्यांनी दादाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

पहिलं पत्र आलं तेव्हा आई मला म्हणाली, पुढची शाळेच्या पत्त्यावर मागव. मी साफ नाही म्हटलं. चोरी केली असेल त्याने चोरून लिहावं. पत्रं घरी यायची, मी ती आईला ओट्याजवळ उभी राहून मोठ्याने वाचून दाखवायची, आणि बाबा व्हरांड्यात सायकलच्या साखळीला तेल देत बसलेले असायचे. ते घंटी वाजवून बघायचे, मी आवाज वाढवायची. ते ब्रेक तपासायचे, मी तीच ओळ पुन्हा वाचायची. मला वाटायचं, या माणसाचा हट्ट मोडायचाच. बावीस वर्षांची होते, माझ्या हट्टाला हट्ट म्हणतात हे मला मान्य नव्हतं.

त्या वर्षी मी ठरवलं होतं की चकल्या कुरकुरीत पोचल्या पाहिजेत. आदल्या वर्षी बिस्किटांच्या डब्यातून पाठवल्या होत्या. दादाने लिहिलं, 'चव घरचीच आहे, पण चप्पल चावल्यासारखं वाटतं.' मला राग आला. म्हणून मी आईची पापडांची पेटी रिकामी केली.

आता ही पेटी कसली ते सांगते. आमच्या वसाहतीत प्रत्येक घरात ती होती. पत्र्याची, हिरवी, लांबट, झाकणाला आतून रबराची पट्टी आणि बाहेरून दाबून बसवायचा खटका. लष्कराच्या लिलावातून कबाड्यांकडे यायच्या आणि गावातल्या गढा वस्तीच्या बाजारात भंगाराच्या दुकानांतून कुणीही घ्यायचा. कुणाकडे त्यात तांदूळ, कुणाकडे पापड, कुणाकडे लग्नातले शालू. मुंगी शिरत नसे, दमट हवा शिरत नसे. बंदुकीच्या गोळ्या ज्यात सादळत नाहीत त्यात चकल्या काय सादळणार? आम्ही लहानपणापासून त्यावर बसून अभ्यास केला होता. तिच्या कुशीवर पांढऱ्या रंगात काही आकडे आणि अक्षरं होती, ती आम्हाला दिसायचीच बंद झाली होती.

मी त्यात फराळ भरला, वर माझं पत्र ठेवलं, खटका दाबला, पेटी मांजरपाटात शिवली, शिवणीवर लाखेचे ठिपके दिले आणि वर दादाचं नाव, जहाजाचं नाव, जिब्राल्टरच्या एजंटाचा पत्ता लिहिला. खाली पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून आमचा फॅक्टरीचा क्वार्टर नंबर. मग ते धूड सायकलच्या कॅरियरवर बांधून सिविल लाइंसकडच्या पोस्टात गेले.

काउंटरवरचा बाबू ते उचलायला गेला आणि त्याने तसंच खाली ठेवलं. बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं.

"बहनजी, इसमें क्या है?"

"चकली."

"लोहे की?"

मागे रांगेत कुणीतरी हसलं. बाबू मात्र हसला नाही. त्याने पत्ता वाचला, मग क्वार्टर नंबर वाचला, मग कातर घेतली आणि माझी अर्ध्या दिवसाची शिवण एका बाजूने उसवली. हिरवा पत्रा दिसला, त्यावरचे पांढरे आकडे दिसले. रांग एकदम मागे सरकली. एक बाई तर छत्री टाकून बाहेर पळाली.

तेव्हा कुठे मला ते आकडे दिसले. लढाई चालू, फॅक्टरीच्या क्वार्टरातून परदेशी जहाजाला दारूगोळ्याची पेटी. पण घाबरायच्या आधी मला संताप आला. मी काउंटरवरून हात घालून खटका उघडला. "रुकिये, रुकिये!" बाबू ओरडला. मी एक चकली काढली आणि सगळ्यांसमोर कडाकडा खाल्ली. दुसरी बाबूपुढे धरली. त्याने घेतली नाही. पोस्टमास्तर आले, फोन झाला, पोलीस आला. चकल्यांबद्दल त्यांची खात्री पटली, पण त्यांनी माझं पत्रही फोडलं होतं, आणि ते त्यांना वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॅक्टरीच्या सिक्युरिटी ऑफिसात बाबांना आणि मला बोलावलं. घरातून ऑफिसपर्यंत बाबा सायकल हातात धरून चालले, मी मागून. मला वाटत होतं, बोला, ओरडा, म्हणजे मलाही बोलता येईल.

टेबलावर पेटी, एका वर्तमानपत्रावर सगळा फराळ मांडलेला, लाडू मधोमध फोडलेले. साहेब मध्यमवयीन, शांत. ओरडणाऱ्यापेक्षा असल्याची भीती वाटते. त्यांनी माझं पत्र बाबांच्या पुढे सरकवलं.

"मराठी में है. आप पढ़िए, और हिंदी में बताते जाइए. आप पर भरोसा है, बीच में कुछ छोड़ियेगा नहीं."

त्या पत्रात काय काय लिहिलं होतं ते मला एकटीलाच ठाऊक होतं.

बाबांनी चष्मा लावला. दादाचा मायना वाचला, पण नाव नाही घेतलं. 'प्रिय भाई' म्हणून पुढे गेले. "यहाँ दिन में बारह-बारह घंटे काम चल रहा है, इतवार को भी." साहेबांनी तिथे पेन्सिलीने खूण केली. "पिताजी के पैर सूज जाते हैं. रात को माँ नमक के पानी में रखवाती है." बाबा थांबले नाहीत. पास करायला आलेला भाग तपासावा तसं एकेक वाक्य उचलत होते. "पिताजी वैसे ही हैं जैसे तू छोड़ गया था. अड़ियल. तेरी चिट्ठी पढ़ती हूँ तो घंटी बजाते हैं. पर उठकर जाते नहीं. सुनते हैं."

खोलीत पंखा फिरत होता. बाबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला.

"तू उनकी बात मन से निकाल दे. वो न मानें, मैं हूँ. जब तक मैं हूँ, तब तक इस घर में तेरा नाम लिया जाएगा."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि टेबलावर ठेवली. "बस, इतना ही है."

एक शब्द गाळला नव्हता. मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्यांचा अभिमानही वाटला, याचा मला फार राग आला.

साहेबांनी सांगितलं ते थोडक्यात असं: पेटीचा मूर्खपणा समजण्यासारखा आहे, पण फॅक्टरीच्या कामाच्या तासांची माहिती परदेशी जहाजावर जाणार होती. प्रकरण वर जाऊ शकतं. मिटवायचं असेल तर मी लिहून द्यायचं की या माणसाशी मी यापुढे पत्रव्यवहार करणार नाही.

"मैं नहीं लिखूँगी," मी म्हटलं. "फ़ैक्टरी के बारे में लिखा, वो मेरी ग़लती, अब एक अक्षर नहीं लिखूँगी. चाहें तो चिट्ठी खुली दूँगी, आप पढ़वा लीजिए. पर बंद नहीं करूँगी. भाई है मेरा."

"बेटी, नौकरी तुम्हारी नहीं जाएगी," साहेब म्हणाले. "इनकी जाएगी."

हे खरं होतं. क्वार्टर जाणार, पगार जाणार, सव्वीस वर्षं ज्या गेटातून ते आत गेले ते गेट बंद होणार, आणि ते सगळं माझ्या चकल्यांपायी. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दादाला सोडायचं की बाबांना बुडवायचं, आणि मला दोन्हीपैकी काहीच करवत नव्हतं. मी पेनाकडे हात नेला का नेला नाही, ते मला आज आठवत नाही. नेला असेल.

साहेबांनाही दया आली असावी. ते बाबांकडे वळले. "चलो, लड़की को छोड़िए. आप घर के मुखिया हैं. सब जानते हैं आप उससे बोलते नहीं. आप ही लिख दीजिए कि उस लड़के से आपका कोई संबंध नहीं है. बात ख़त्म."

किती सोपं होतं. तीन वर्षं ते हेच तर सांगत आले होते, पानवाल्यापासून भटजीपर्यंत सगळ्यांना. आता फक्त कागदावर उतरवायचं होतं. बाबांनी कागद आपल्याकडे ओढला, कोरा होता तरी दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि परत ढकलला.

"नहीं लिखूँगा, साहब."

"क्यों?"

"झूठ है."

"आप ही तो कहते हैं कि एक ही लड़की है."

"कहता हूँ." बाबांचा आवाज चढला. साहेबासमोर त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "मैं कहूँ, वो मेरे और उसके बीच की बात है. उसको डाँटूँगा मैं, घर में नहीं घुसने दूँगा मैं. पर वो मेरा नहीं है, ये मुझसे कोई दूसरा लिखवाएगा? आप लिखवाएँगे? नहीं लिखता. जो करना है कीजिए."

"सोच लीजिए."

"सोच लिया."

मग त्यांनी वर्तमानपत्रासकट फराळाचं गाठोडं बांधलं. कुणाला विचारलं नाही. पेटी तिथेच राहिली.

नोकरी गेली नाही. पण आठवड्याभरात त्यांना तपासणीच्या शॉपमधून काढून भंगाराच्या यार्डात टाकलं. मोडकी लोखंडं मोजायला. उन्हात. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघे त्यांच्या वरचे झाले. वसाहतीत काकूंसकट सगळ्यांनी कारण विचारलं. बाबांनी कुणाला सांगितलं नाही, आणि मला सांगू दिलं नाही. मी आता सांगते आहे. त्यांनी दादाला पत्र असं कधीच लिहिलं नाही. मी लिहायची, लढाई थांबल्यावरही काही महिने उघड्या पाकिटातूनच. त्या वर्षीचा फराळ, पुन्हा केलेला, दादाला मिळाला तो तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर, लाकडी खोक्यातून. चकल्या नरमच होत्या म्हणे.

पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं. ऑफिसातून घरी आलो. आई दारातच उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. बाबांनी गाठोडं तिच्या हातात दिलं.

"हे मोडलं. दुसरं कर."

"अजून पक्ष संपला नाही," आई म्हणाली.

"मला विचारून राहिली का तू? मागच्या वेळी विचारलं होतं?"

आई आत गेली. बाबांनी हात-पाय धुतले, पंच्याला पुसले. पाय खरंच सुजलेले होते. मी खुंटीजवळ उभी होते. ते माझ्याकडे पाठ करून पंचा वाळत घालत म्हणाले, "कुठं हाय आता तो?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाण्याच्या आधी राग आला. इतकी वर्षं मी ओरडून वाचत होते त्याचा, त्या घंटीचा, आईने पदराने पुसलेल्या डोळ्यांचा.

"हे विचारायला तीन वर्षं लागली तुम्हाला?"

बाबा वळले. मी भांडायच्या तयारीत होते. उत्तरं तयार होती, तीन वर्षांची साठवलेली.

"लागली," ते म्हणाले.

त्याच्याशी कसं भांडायचं ते मला येत नव्हतं. मी सांगितलं, माल्टाला आहे, बुधवारी सुटेल.

"बुधवारी," बाबा म्हणाले, आणि पाटावर बसले.